केर्न्सहून गाडीने दिवसभराच्या सहली: आई-बाबांना घेऊन कुठे जावं?

वाळव्याची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही ब्रिस्बेनला राहतो. माझे आई-बाबा गावाहून पहिल्यांदाच इकडे येताहेत. जून-जुलैच्या शाळेच्या सुट्टीत त्यांना केर्न्सला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या शहरात, न्यायचं ठरलंय. विमानाने जाऊ आणि तिथे गाडी भाड्याने घेऊ. मुक्काम शहरातच, रोज सकाळी निघून संध्याकाळी परत.

अडचण अशी की आईला गाडी लागते. घाटातल्या एसटीतही तिची कायम पुढची सीट ठरलेली. त्यात गुडघे दुखतात, म्हणजे पायऱ्या फार नकोत. ती शाकाहारी आहे. प्रवाळ बघायच्या बोटीचा बेत त्यामुळे आम्ही सोडूनच दिला. बाबा मात्र ठणठणीत आहेत. आयुष्य उसात गेलं, गाडीतून दिसणारं प्रत्येक शेत त्यांना थांबून बघायचं असतं. सोबत पाच वर्षांची मुलगी.

नेटवर सापडतं ते सगळं पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या तरुण मुलांसाठी लिहिलेलं. आई-वडिलांना घेऊन कुणी हा भाग फिरलं असेल तर सविस्तर सांगा. कुठला रस्ता, कुठे थांबायचं, काय सोडायचं.

लाल_माती

केर्न्समध्ये बरीच वर्षं राहतेय, त्यामुळे या धाग्यावर मनापासून लिहिणार आहे.

आधी एक सांगते. बोट सोडली याचं वाईट वाटून घेऊ नका. इथे येणारे बहुतेक लोक समुद्र बघतात, फार तर कुरांडा या डोंगरावरच्या गावाची रेल्वे करतात आणि परत जातात. शहराच्या पाठीमागे जो डोंगर उभा आहे त्याच्या वर काय आहे, हे त्यांना कळतच नाही. वर अॅथर्टनचं पठार आहे. सातशे-आठशे मीटर उंची, ज्वालामुखीची लाल माती, हिरवी कुरणं, दुभती जनावरं, धबधबे आणि मधेमधे घनदाट जंगलाचे तुकडे. आई-बाबांसाठी केर्न्समधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे असं माझं ठाम मत आहे. जूनमध्ये वर सकाळी स्वेटर लागतो, तो जरूर घ्या.

केर्न्सहून तीन दिशा आहेत: उत्तरेला किनाऱ्याने, पश्चिमेला घाट चढून वर आणि दक्षिणेला उसातून. एका दिवशी एकच दिशा धरा. नकाशावर अंतरं लहान दिसतात म्हणून लोक कुरांडा, धबधबे आणि बाबिंडा एका दिवसात कोंबतात, आणि म्हातारी माणसं दिवसभर गाडीत बसून राहतात.

आता घाट. वर जायला गॉर्डनव्हेलहून गिलिज रस्ता आहे. १९ किलोमीटरमध्ये २६३ वळणं आणि साधारण ८०० मीटरचा चढ. रस्ता पक्का आहे, देखणा आहे, पण तुमच्या आईंसाठी नको. कुरांडाचा घाट त्याहून छोटा, पण वळणं त्यातही आहेत आणि ट्रकची वर्दळ खूप. तुम्ही लांबून जा. केर्न्सहून दक्षिणेला इनिसफेल ८८ किलोमीटर, तिथून पामर्स्टन महामार्गाने वर मिला मिला. हा चढ हळूहळू येतो, वळणं रुंद आहेत. दोन तासांच्या आसपास लागतील, पण आई हसत उतरतील.

मिला मिलाचा धबधबा अठरा मीटरचा, एकसंध पडदा, आणि गाडी लावतो तिथून चार पावलांवर दिसतो. गुडघेदुखीवाल्यांना इतका सोपा धबधबा दुसरीकडे मिळणं अवघड. तिथूनच एक छोटी फेरी आहे, तिच्यावर झिली आणि एलिंजा हे आणखी दोन धबधबे. झिलीला वरून बघायची जागा जवळ आहे. एलिंजाला पायऱ्या उतराव्या लागतात, तिथे बाबांनी आणि मुलीने जावं. पुढे मलांडाचा धबधबा तर रस्त्याच्या कडेलाच आहे.

मग लेक ईचम. गाडी लावली की हिरवळ, बाकं आणि समोर निळंशार पाणी. काठाशी कासवं येतात. डबा इथेच सोडा. तळ्याभोवती तीन किलोमीटरची सपाट पायवाट आहे, ज्याला जमेल त्याने फिरावं. इथे मगरीची भीती नाही, लोक निवांत पोहतात.

शेवटी युंगाबरा गावाजवळ पडद्याचं वडाचं झाड, म्हणजे कर्टन फिग. सगळी लाकडी वाट आहे, पायरी एकही नाही.

कातळकडा

लाल_माती यांच्या प्रतिसादाला जोडून. लेक ईचम आणि शेजारचं लेक बॅरीन ही दोन्ही ज्वालामुखीची विवरं आहेत. वर येणारा तप्त लाव्हा जमिनीतल्या पाण्याला भिडला, वाफेचा प्रचंड स्फोट झाला आणि खड्डा पडला. पुढे त्यात पावसाचं पाणी साचलं. आपल्याकडचं लोणार पाहिलेल्यांना वर उभं राहिल्यावर लोणारची आठवण येतेच, पण लोणार उल्केच्या आघाताने झालं आहे. मुलीला दोन्हींतला फरक सांगायला ही उत्तम जागा.

यातली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. इथल्या न्गाजॉन-जी या मूळनिवासी लोकांत ही तळी कशी झाली याची कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन तरुणांनी निषिद्ध गोष्ट केली, इंद्रधनुष्यी नाग कोपला, वारा सुटला, जमीन फाटली आणि माणसं गिळली गेली. कथा सांगणाऱ्या वृद्धाने हेही सांगितलं होतं की तेव्हा इथे घनदाट जंगल नव्हतं, उघडं माळरान होतं. ऐकणाऱ्यांना ते पटलं नाही, कारण आज तळ्याभोवती दाट अरण्य आहे. नंतर तळ्याच्या गाळातले परागकण तपासले गेले आणि स्फोटांच्या काळात तिथे खरंच विरळ झाडी होती असं निघालं. म्हणजे काही हजार वर्षांपूर्वीचा देखावा माणसांनी तोंडी परंपरेत जपून ठेवला. तळ्याकाठी बसून डबा खाताना हे आई-बाबांना जरूर सांगा.

वेळ उरला तर माउंट हिपिपामी. साठेक मीटर रुंदीचा सरळसोट खड्डा, कडा ग्रॅनाइटच्या, आणि खाली सुमारे ५८ मीटरवर शेवाळाने हिरवंगार झालेलं पाणी. वायूच्या स्फोटाने कातळातून आरपार भोक पडलं. गाडीपासून चारशे मीटरची डांबरी वाट आहे.

रानवाट

पठार सुंदर आहे, मान्य. पण केर्न्सला येऊन डेन्ट्री न बघता परत जायचं? मला हे पटत नाही. जगातल्या सर्वांत जुन्या वर्षावनांपैकी हे एक. १९८८ पासून जागतिक वारसा. २०२१ मध्ये डेन्ट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्व कुकू यालांजी या मूळनिवासी लोकांना परत मिळाली, आता तेच सरकारसोबत ते सांभाळतात. जंगल सरळ समुद्रात उतरतं आणि पलीकडे प्रवाळ सुरू होतं. दोन जागतिक वारसास्थळं एकमेकांना टेकलेली.

रस्ताही बघा. केर्न्स ते पोर्ट डग्लसचा कॅप्टन कुक महामार्ग मंदीच्या काळात बेरोजगारांच्या हातून बांधला गेला, १९३३ मध्ये खुला झाला. एलिस बीचच्या पुढे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. रेक्स लुकआउटला थांबा, वारा चांगला असेल तर लोक तिथून हँग ग्लायडर घेऊन झेप घेतात. मॉसमननंतर डेन्ट्री नदी. पूल नाही. तारेवर ओढली जाणारी फेरीबोट गाड्या पलीकडे नेते. पाच वर्षांच्या मुलीला हीच सहल वाटेल.

पलीकडे केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी रस्ता आहे, साधी गाडी चालते. त्यापुढचा ब्लूमफील्डचा रस्ता फोर-व्हील ड्राइव्हचा, भाड्याची गाडी तिकडे नेऊ नका, विमा लागू होत नाही. मार्जाची लाकडी वाट खारफुटीतून जाते, सपाट आहे. जवळच बागेतल्या फळांचं आइस्क्रीम मिळतं, सीताफळाच्या कुळातलं साउरसॉप असतं त्यात, आई खातील.

लाल_माती

रानवाट, डेन्ट्री मलाही प्रिय आहे. पण आईंना गाडी लागते हे विसरू नका. एलिस बीच ते पोर्ट डग्लस वळणं, नदी ओलांडल्यावर अलेक्झांड्रा डोंगर ओलांडताना पुन्हा अरुंद वळणं. जायला अडीच ते तीन तास आणि तेवढेच परतीला. त्यात नदीपलीकडे बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. मी डेन्ट्रीचा बेत मॉसमन घळीपर्यंतच ठेवेन. तिथे कुकू यालांजी लोकांचं केंद्र आहे, त्यांच्या छोट्या बसने आत जायचं, त्यांच्याच माणसाबरोबर जंगलात फिरायचं. कुठल्या झाडाचं काय करतात, धूर कशासाठी घालतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. माहितीफलक वाचत एकट्याने फिरण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर वादळानंतरच्या पावसाने या पट्ट्यात दरडी कोसळल्या, केप ट्रिब्युलेशनचा रस्ता बराच काळ बंद होता. त्यामुळे कुठल्याही दिशेला निघण्याआधी सकाळी राज्य सरकारचं क्यूएलडी ट्रॅफिक संकेतस्थळ बघायचंच.

रानवाट

मुद्दा बरोबर आहे. मॉसमनपर्यंत जाऊन परतताना पोर्ट डग्लसच्या फोर माइल बीचवर संध्याकाळ घालवली तरी दिवस छान होईल. नदीपलीकडे जायचंच असेल तर एक रात्र तिकडे मुक्काम करावा.

सारस_गोंदिया

पठारावर जाणार असाल तर एक विनंती. मी गोंदियाचा. आपल्या महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ फक्त आमच्या धानाच्या बांध्यांत, थोडा भंडाऱ्याकडे. अॅथर्टनच्या पठारावर पावसाळा संपला की सारसांचे थवेच्या थवे येतात. मक्याची, भुईमुगाची कापणी झालेल्या शेतांत सांडलेले दाणे टिपतात. सोबत ब्रोल्गा हा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा क्रौंच असतो.

ओळखायचं कसं? दोघेही राखाडी, उंच. सारसाचा लाल रंग डोक्यावरून मानेवर खाली उतरतो आणि पाय गुलाबी-लालसर असतात. ब्रोल्गाचा लाल रंग डोक्यापुरता, हनुवटीखाली काळी लोंब, पाय करडे. विशेष म्हणजे ऑस्ट्रेलियात सारस आहे हे पक्षिनिरीक्षकांच्या लक्षात आलं १९६६ मध्ये, तोवर तो ब्रोल्गांत मिसळून गेलेला होता.

अॅथर्टन ते कैरी या भागातल्या शेतांवर दुपारीही नजर ठेवा. रस्त्याच्या कडेला गाडी नीट बाहेर घेऊन थांबा, शेतात शिरू नका. सूर्यास्ताला ते ब्रॉमफील्ड आणि हेस्टीजच्या पाणथळीत उतरतात. हेस्टीजला दुमजली निरीक्षणघर आहे.

मोगरा_७

आणि युंगाबराला संध्याकाळी ओढ्यात प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा प्राणी, दिसतो! फुकट बघता येतो, ओढ्याकाठी ओटा बांधलाय. अंधार पडेपर्यंत थांबा.

लाल_माती

मोगरा, प्लॅटिपस दिसतो हे खरं, पण मग अंधारात घाट उतरावा लागतो. संध्याकाळी वॉलबी (छोटे कांगारू) रस्त्यावर येतात, भाड्याच्या गाडीचे काही विमे रात्रीच्या जनावरांच्या धडकेला लागू नसतात. शहरात मुक्काम असणाऱ्यांनी चारच्या आत पठार सोडावं. सारस आणि प्लॅटिपस दोन्ही हवे असतील तर युंगाबरात एक रात्र राहा. या कुटुंबाला मी तेच सुचवेन, दोन रात्री मिळाल्या तर आणखी उत्तम.

वाळव्याची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सारसांचं वाचून बाबांना फोन केला, ते आत्तापासून तयार आहेत. मुक्कामाचा विचार नक्की करते.

आता उसाचं सांगा. केर्न्सच्या आसपास ऊस आहे एवढं माहीत आहे. बाबांना नेमकं काय दाखवता येईल? आणि आईच्या जेवणाचं काय?

पाचटकर

मी मूळचा शिरोळचा, सध्या इनिसफेलला. ताई, तुमच्या बाबांना दक्षिणेचा रस्ता तीर्थयात्रेसारखा वाटेल. गळीत हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे तुम्ही ऐन वेळेला येताय.

इथे ऊसतोडीच्या टोळ्या नाहीत, बैलगाड्या नाहीत, ट्रॅक्टरच्या रांगा नाहीत. यंत्र उसाची कांडी करून थेट डब्यात भरतं. मग दोन फुटी अरुंद रुळांवरून छोटी रेल्वे ते डबे ओढून कारखान्यात नेते. शेताशेतांतून हे रूळ गेलेत, महामार्गही ओलांडतात. पाचट जाळत नाहीत, तोडणी हिरवीच होते आणि पाचट शेतात पसरून ठेवतात, त्यामुळे ओल टिकते, तण कमी येतं, मुसळधार पावसात माती वाहून जात नाही. टाउन्सव्हिलच्या पुढे बर्डेकिनला अजून ऊस पेटवतात, तिथे पाटपाण्याची शेती आहे. खोडवे तीन-चार सहज घेतात. बाबांशी बोलायला यातच दोन तास जातील.

गॉर्डनव्हेलचा मलग्रेव्ह कारखाना गावाला लागूनच आहे. रस्त्यावरून वाफ, डब्यांची रांग, सगळं दिसतं, मळीचा वास येतो. याच गॉर्डनव्हेलमध्ये १९३५ साली उसाच्या भुंग्यावर उपाय म्हणून बाहेरून आणलेले केन टोड सोडले. भुंगे काही आटोक्यात आले नाहीत, बेडूक मात्र देशाच्या मोठ्या भागात पसरले आणि त्यांच्या विषाने इथले कितीतरी प्राणी मेले. शेतकऱ्याला हा इतिहास कळायला हवा.

गाडी चालवणाऱ्यांनी नीट वाचा: या रेल्वेच्या कितीतरी फाटकांना दांडा नाही. कुठे लाल दिवा, कुठे नुसती पाटी. भरलेली गाडी पटकन थांबत नाही, आणि हंगामात ती रात्रंदिवस धावते. रूळ दिसले की वेग कमी करायचा, दोन्हीकडे बघायचं.

खानदेशी_केळ

इनिसफेल आणि टुलीकडे केळीच केळी आहे. आम्ही जळगावचे, सासऱ्यांना बागेत शिरून घड बघायचे होते. तसं करू नका. २०१५ मध्ये टुलीजवळ केळीच्या मुळांचा टीआर४ हा बुरशीजन्य मर रोग सापडला, तो बुटाला लागलेल्या चिखलातूनही पसरतो. बागांच्या फाटकांवर प्रवेशबंदीच्या पाट्या आहेत. रस्त्यावरून बघा, घडांना घातलेल्या पिशव्या, बांधणी, सगळं दिसतं.

पाचटकर

एकदम बरोबर. आणि उसाच्या शेतातही मालकाला विचारल्याशिवाय जायचं नाही.

दक्षिणेला आणखी काय? बाबिंडाचे बोल्डर्स, केर्न्सहून साठेक किलोमीटर. प्रचंड गोल शिळांमधून वाहणारं काचेसारखं पाणी. ही जागा जितकी सुंदर तितकीच जीवघेणी. वरच्या बाजूला पोहण्यासाठी ठरवून दिलेला डोह आहे, फक्त तिथेच उतरा. खालच्या बाजूला शिळांखाली ओढून नेणारे प्रवाह आहेत, तिथे अनेक तरुण बुडाले आहेत. कुंपणापलीकडे एक पाऊलही नको. जोसेफाइन धबधब्यालाही तेच, वर बार्टल फ्रेअर डोंगरावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम चढतं. क्वीन्सलंडमधला हा सर्वांत उंच डोंगर, सोळाशे मीटरच्या वर.

आईंसाठी एटी बे. छोटा किनारा, झाडाखाली बसायचं. कॅसोवरी जंगलातून उतरून वाळूवर चालत जाताना इथे बऱ्याचदा दिसतो. माणसाएवढा पक्षी, निळी मान, डोक्यावर शिंगासारखी टोपी. खायला अजिबात घालू नका, जवळ जाऊ नका, त्याच्या पायाच्या नखाने माणूस गंभीर जखमी होतो. मुलीला कडेवर घ्या आणि शांतपणे मागे सरका. मोठ्या बियांची कितीतरी फळं हा पक्षी अख्खी गिळतो आणि दूरवर नेऊन टाकतो, जंगल त्याच्यावर जगतं.

परोनेला पार्क मात्र चुकवू नका. होसे परोनेला नावाचा स्पॅनिश माणूस १९१३ मध्ये इथे आला, ऊस तोडून पैसे साठवले, १९२९ मध्ये मीना क्रीकच्या धबधब्याशेजारची जमीन घेतली आणि तिथे स्वतःच्या हाताने किल्ल्यासारखी वास्तू, बाग, नाचघर उभं केलं. १९३५ मध्ये ते लोकांना खुलं झालं. धबधब्यावर स्वतःची वीजही तयार केली. पुरांनी, आगीने, वादळांनी त्याची पडझड झाली, पण ती मोडकळीला आलेली शेवाळलेली वास्तूच आज बघण्यासारखी आहे. खाली जायला पायऱ्या खूप आहेत. आईंना वरच्या भागात बसवून बाबांनी खाली जावं. ऊसतोड करणाऱ्या माणसाने काय उभं केलं, हे तुमच्या बाबांनी बघितलंच पाहिजे.

परसबाग

शाकाहारी जेवणाबद्दल: केर्न्समध्ये शुक्रवार ते रविवार रस्टीज बाजार भरतो. फणस, पपई, सीताफळाचे प्रकार, हिरव्या भाज्या, सगळं ताजं. पठारावर शेताच्या बाहेर विनामाणसाची छोटी दुकानं असतात, माल उचलायचा आणि डब्यात पैसे टाकायचे. सुटे डॉलर जवळ ठेवा. गावांतल्या बेकऱ्यांत आईंना खाण्यासारखं फारसं मिळणार नाही, तेव्हा दशम्या, चटणी, दही असा डबा सोबत असलेला बरा. दही मिला मिलाजवळच्या मुंगाली क्रीक डेअरीचं घ्या, आपल्या घरच्या दह्याच्या चवीचं आहे.

रानवाट

राहिलेल्या सूचना एकत्र देतो, दुर्लक्ष करू नका.

किनाऱ्यावर, खाडीत, खालच्या नद्यांत मगरी असतात. पाटी असो वा नसो, गढूळ पाण्याच्या काठाशी मुलीला नेऊ नका. जेलीफिशचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मे, तुम्ही येताय तेव्हा धोका कमी असतो, तरी जिवरक्षक असतील तिथेच पाण्यात उतरा.

जंगलात पायवाट सोडून हृदयाच्या आकाराच्या, करवती कडेच्या मोठ्या पानांना हात लावू नका. गिम्पी-गिम्पी म्हणतात त्या झाडाला. पानावरचे बारीक केस कातडीत रुततात आणि वेदना आठवडे-महिने राहते.

सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त आसन कायद्याने लागतं, गाडी घेतानाच मागून घ्या. चालवताना हातात फोन दिसला तर हजार डॉलरच्या वर दंड आहे, कॅमेरे टिपतात.

वाळव्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी बोलून बेत असा केलाय. पहिल्या दिवशी गॉर्डनव्हेलचा कारखाना, बाबिंडा आणि परोनेला, संध्याकाळी केर्न्सला परत. मधे एक दिवस विश्रांती, रस्टीज बाजार. मग पामर्स्टनने वर, मिला मिला, मलांडा, ईचम, आणि युंगाबरात दोन रात्री, म्हणजे सारस आणि प्लॅटिपस निवांत बघता येतील. परत येताना मॉसमन.

एकच शंका. पठारावरून थेट मॉसमनला जाता येतं का, की केर्न्सला उतरावंच लागतं?

लाल_माती

उतरावं लागत नाही. युंगाबराहून अॅथर्टन, मरीबा, मग माउंट मोलॉयवरून रेक्स डोंगर उतरून मॉसमनच्या वाटेला लागता. शेवटचा उतार वळणांचा आहे पण छोटा, मोलॉयला चहासाठी थांबा आणि आईंना पुढच्या सीटवर बसवा. मरीबाच्या आसपास दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा दिसतील. जूनमध्ये फळ नसतं, तोडणी डिसेंबरच्या आगेमागे असते, पण कोकणातून कलमं बघायची सवय असलेल्या माणसाला इथली यंत्राने छाटलेली सपाट शेंड्यांची झाडं बघायला नक्की आवडतील. पहिल्या दिवशीच्या बेतातून मात्र बाबिंडा किंवा परोनेला यांतलं एक काढा. मी बाबिंडा काढेन.

पाचटकर

मीही बाबिंडाच काढेन. इनिसफेलवरून जाताना निरोप ठेवा, बाबांना आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या फडावर नेतो, तोडणी चालू असेल तर यंत्र जवळून बघता येईल.